आमची वाटचाल : चाळीस नंबरच्या बॅरलपासून जुन्या स्पोर्ट्‌स कारपर्यंत

बाबांनी चिपळुणात गॅरेज टाकलं तेव्हा दारात ऑइलचे दोन बॅरल असायचे. एकात ४० नंबर, दुसऱ्यात ९० नंबर. चाळीस इंजिनात, नव्वद गिअरबॉक्स आणि डिफ्रन्शिअलमध्ये. हमरस्त्यावरचे ट्रक, जीपा, अ‍ॅम्बॅसॅडर आणि फियाट एवढंच गिऱ्हाईक. कुंभार्ली घाटातून आलेला ट्रक थांबायचा, बाबा गेज, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून ऑइल अंगठा आणि बोटात चोळून बघायचे, लिटरच्या मापाने घालायचे आणि ट्रक पुढे निघायचा. कुठलं ऑइल घालू, असा प्रश्न कुणाला पडत नसे. ती इंजिनं तसल्याच ऑइलच्या हिशोबाने बनलेली होती.

हा हिशोबच आज आमच्या धंद्याचा पाया आहे. इंजिन कुठल्या ऑइलसाठी बनलं ते आधी शोधायचं, मग ते आपल्या हवेत कसं दिवस काढतंय ते बघायचं, आणि त्यानंतरच डबा फोडायचा.

मी आयटीआय करून गॅरेजात आलो तोवर मारुती घरोघर पोचत होती आणि बॅरलच्या जागी डबे आले होते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा लोक म्हणाले, आता हमरस्त्यावरचा धंदा बसणार. तसं झालं नाही. गणपती-शिमग्याला चाकरमानी स्वतःच्या गाड्या घेऊन यायला लागले आणि त्या आठवड्यांत आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. काम भरपूर होतं, शिकायला फुरसत नव्हती.

शिकवलं ते गुहागरकडच्या एका निवृत्त चीफ इंजिनिअरनी. आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलेलं, म्हणून आम्ही त्यांना चीफ साहेब म्हणतो. त्यांच्याकडे साठच्या दशकातली ब्रिटिश एमजीबी होती, दोन सीटची, उघड्या टपाची, १७९८ सीसीचं इंजिन. मुंबईत इंजिनकाम करून आणलेली. वाटेत कुठल्याशा गॅरेजात दुकानातला सगळ्यात महाग डबा, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, घालून मिळाला होता. गाडी आमच्या दारात आली तेव्हा गरम इंजिनच्या आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइल प्रेशरचा काटा दहा पाउंडाच्या खाली लोळत होता, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजत होते आणि मागच्या बाजूने थेंब गळत होते.

चीफ साहेबांनी विचारलं, "मेस्त्री, हिला तुम्ही काय घालाल?"

बाबा म्हणाले, "साहेब, आधी पुस्तक दाखवा."

पुस्तक होतं, ग्लव्हबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यात गरम प्रदेशासाठी २०डब्ल्यू-५० दिलेलं. चालत्या गाडीला प्रेशर चौरस इंचाला ५० ते ८० पाउंड, आयडलला १० ते २५. चीफ साहेब त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबले आणि डब्यावरचे आकडे त्यांनी आम्हाला वाचायला शिकवले.

मागचा आकडा गरम ऑइलचा. १०० अंशाला ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचं माप) असतं, ५० नंबरचं १६.३ ते २१.९. म्हणजे घाटात तापलेल्या इंजिनात पन्नास नंबर जवळजवळ पावणेदोन पट दाट राहतं. एमजीबीच्या बेअरिंगमधली फट आणि पंपाची ताकद त्या दाटपणाला धरून ठरवलेली आहे. तिथे तीस नंबर घातलं की ते फटीतून लवकर निसटतं आणि काटा पडतो. पुढचा आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, थंडीचा. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आपल्याकडे पारा शून्याच्या जवळपासही फिरकत नाही, त्यामुळे ५डब्ल्यूसाठी जास्तीचे पैसे मोजून या गाडीला कोकणात फारसं काही मिळत नाही. सकाळी सुरू केल्यावर पहिले काही किलोमीटर रेस न करता चालवली की झालं.

तिसरी गोष्ट डब्याच्या पुढच्या बाजूला सापडत नाही. या इंजिनात सपाट टॅपेट आहेत. कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटच्या तोंडावर घासत जातो, मधे रोलर नाही. त्या ठिकाणी ऑइलचा पापुद्रा दाबला जातो आणि धातूला वाचवतो तो ऑइलमधला जस्त-फॉस्फरसचा घटक, झेडडीडीपी. पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा धूर साफ करणारा भाग, खराब करतो, म्हणून नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये त्याच्यावर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी अशी दर्जाची खूण असलेलं ५डब्ल्यू-३० नव्या गाडीला उत्तमच आहे, जुन्या सपाट टॅपेटला ते अपुरं पडतं. ४० आणि ५० नंबरच्या ऑइलना ती मर्यादा लागू नाही, तरी प्रत्येक कंपनी किती घालते ते वेगळं. म्हणून कंपनीचा तांत्रिक तक्ता मागवायचा आणि फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास आहे का ते पाहायचं. वरून जस्ताची बाटली ओतणं मला पटत नाही. मिश्रण बनवणाऱ्याने प्रमाण बसवलेलं असतं आणि प्रमाणाबाहेर गेलेला हा घटकही कॅमला त्रास देतो.

मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं, २०डब्ल्यू-५० घातलं, टॅपेटची फट थंड इंजिनवर १५ थाउला (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) बसवली. गुहागरपर्यंत जाऊन आल्यावर आयडलला काटा वीसच्या जवळ उभा. थेंब कमी झाले, थांबले नाहीत. त्या काळच्या ब्रिटिश गाडीकडून कोरड्या फरशीची अपेक्षा मी करत नाही. सिंथेटिकने सील खराब होतात, ही समजूत आजच्या ऑइलला लागू नाही. ते मळ धुऊन काढतं आणि मळानेच बुजलेली वाट मोकळी होते, एवढंच. गंमत म्हणजे याच गाडीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनचंच २०डब्ल्यू-५० जातं. सवयीने नव्वद नंबर ओतणारे भेटतात, म्हणून आम्ही तिच्या फिलरला चिठ्ठीच बांधून ठेवली आहे.

चीफ साहेबांनी आणखी एक गोष्ट दिली, जहाजावरची. इलेक्ट्रिक शेगडीवर जाड लोखंडी पत्रा चांगला तापवायचा, पाण्याचा थेंब टाकताक्षणी उडाला पाहिजे इतका, आणि त्यावर गेजच्या टोकावरचा ऑइलचा एक थेंब सोडायचा. ऑइल शुद्ध असेल तर थेंब नुसता पसरतो. पाणी असेल तर तडतडतो. डोळ्यांना चष्मा लावून करायची गोष्ट आहे.

या शेगडीचा खरा उपयोग २२ जुलै २०२१ नंतर झाला. त्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. आमच्या गॅरेजातही छातीच्या वर पाणी. कपाटातले डबे तरंगत बाहेर गेले, टूलबॉक्स चिखलात सापडले, बाबांच्या जुन्या वह्यांचा लगदा झाला. पाणी उतरल्यावर पहिले दोन दिवस घर आणि गॅरेज धुण्यात गेले, आणि लगेच गाड्या यायला लागल्या. टोचन करून, ढकलत, टेम्पोत घालून. आम्ही दाराशीच पाटी लावली होती: स्टार्टर मारू नका.

पुरात बुडालेल्या गाडीत पाणी चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी बसतं, कारण ते ऑइलपेक्षा जड. ड्रेन नट सैल केला की आधी गढूळ पाणी येतं, मग ऑइल. ज्यांनी उतावीळपणे इंजिन फिरवलं होतं त्यांच्या चेंबरमधून ताकासारखं पांढरट मिश्रण आलं. त्या मिश्रणाला पापुद्रा धरता येत नाही आणि बेअरिंग पहिल्या काही मिनिटांत खरचटतात. आम्ही स्वस्तातलं साधं ऑइल भरायचो, प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचो, मग थोडा वेळ चालवून गरम असतानाच काढायचो, फिल्टर बदलायचो, पुन्हा भरायचो. पत्र्यावर तडतड थांबेपर्यंत हेच. तडतड थांबली की गाडीचं कायमचं ऑइल. त्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या दुकानदारांनी पैसे न मागता ऑइलचे खोके पाठवले. ते उपकार आम्ही विसरलेलो नाही.

त्या पुरानंतर आमचं नाव बाहेर गेलं आणि जुन्या, हौशी गाड्या यायला लागल्या. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आली, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन असलेली. मालक म्हणाले, जुनी स्पोर्ट्‌स कार आहे, २०डब्ल्यू-५० घाला. इंजिन घट्ट होतं, झिजलेलं नव्हतं, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं. आम्ही १०डब्ल्यू-४० घातलं. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ या स्पोर्ट्‌स कारला खुद्द कंपनीच १०डब्ल्यू-६० सांगते. तेव्हा 'जुन्या स्पोर्ट्‌स कारचं ऑइल' असा एकच डबा दाखवणाऱ्या दुकानातून मी तरी काही घेणार नाही.

पुण्याहून गुहागरला निघालेली एक एअर-कूल्ड पोर्शे ९११ मात्र निळ्या धुराचे लोट काढत आली. रस्त्यात कुणीतरी थंड, बंद इंजिनवर गेज पाहिलं, ते कोरडं दिसलं, म्हणून भरपूर ऑइल घातलं. या गाडीत ऑइल चेंबरमध्ये साठत नाही, वेगळ्या टाकीत असतं. इंजिन पूर्ण गरम, गाडी सपाटीला आणि आयडल चालू असतानाच गेज खरं बोलतं. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) हवेच्या वाटेने आत ओढलं जात होतं. आम्ही गरम करून पातळीपर्यंत काढून घेतलं, धूर हळूहळू गेला. तिला पाण्याचा रेडिएटर नाही, इंजिन थंड ठेवण्याचं मोठं काम ऑइलच करतं, म्हणून दहा लिटरच्या वर ऑइल फिरत असतं. मे महिन्यात घाट चढताना तिच्या ऑइलच्या तापमानाचा काटा बघत चालवावं, स्पीडोमीटर नंतर.

आता आपल्या हवेबद्दल, कारण पुस्तकात कोकण नाही. इथला दमटपणा उभ्या गाडीला जास्त खातो. पावसाळ्यात झाकून ठेवलेली गाडी दर रविवारी पाच मिनिटं सुरू करायची, ही चांगल्या हेतूने केलेली पण घातक सवय आहे. रेडिएटरचं पाणी तापतं, ऑइल तापत नाही. जळणातून निघालेली वाफ इंजिनात गार होऊन ऑइलमध्ये उतरते, फिलर कॅपच्या आत पिवळट मलई जमते. त्यात कार्बोरेटरची गाडी चोकवर चालत असेल तर पेट्रोलही पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, आणि ते पाणी ओढून घेतं. गेजला पेट्रोलचा वास येत असेल तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला. उघडीप मिळाली की गाडी गुहागरपर्यंत नेऊन आणा, नाहीतर तिला अजिबात हात लावू नका. आणि ऑइल मे अखेरीस बदला, झाकण्यापूर्वी. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती चार महिने बेअरिंगवर का बसू द्यायची?

हमरस्त्याचं चौपदरीकरण चालू असताना दुसरा शत्रू कळला. माझी मुलगी रसायनशास्त्र शिकून काउंटरवर बसायला लागली आणि तिने निवडक गाड्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचा हट्ट धरला. एका गाडीच्या अहवालात सिलिकॉन आणि लोह दोन्ही चढलेले. ऑइल चांगलंच होतं. एअर फिल्टरच्या खोक्याचा रबर फाटला होता आणि जांभ्याची लाल धूळ सरळ आत जात होती. तेव्हापासून ऑइल बदलताना एअर फिल्टरचं खोकं उघडणं आमच्याकडे सक्तीचं आहे, त्याची मजुरी आम्ही लावत नाही.

धंदा म्हणून हे सोपं नाही. एवढ्या वेगवेगळ्या नंबरांचा माल ठेवायचा म्हणजे पैसा अडकतो, आणि महागडा डबा नको असं सांगितल्यावर नफाही कमी होतो. पण घालायचा डबा गिऱ्हाइकासमोर फोडतो, आणि रिकामा झाला की भोक पाडूनच भंगारात देतो, म्हणजे त्यात कुणी बनावट माल भरू नये. वापरलेलं काळं ऑइल पूर्वी लोक वाशांना आणि होड्यांना फासायला मागून न्यायचे. आता ते कुणालाही देत नाही, नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जातं. यावरून जुनी गिऱ्हाइकं रागावली, तरी विहिरी जवळ असताना दुसरा मार्ग नाही.

बाबा आता रोज येत नाहीत, आले की गेज काढून चोळून बघतात आणि मुलीच्या अहवालाशी ताडून पाहतात. नवीन वही तिने संगणकावर केली आहे. प्रत्येक गाडीचं ऑइल, नंबर, तारीख, किलोमीटर, गरम आयडलचं प्रेशर.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल आणि इकडे येणं होणार असेल, तर तीन गोष्टी घेऊन या: गाडीच्या पुस्तकातल्या ऑइलच्या पानाचा फोटो, मागच्या वेळी घातलेल्या डब्याचा फोटो, आणि इंजिनकाम कधी झालं त्याची पावती. गाडी सकाळी आणलीत तर बरं, थंड इंजिनवर टॅपेट तपासता येतात.