पालेभाजीतले पाणी

रविवार, रात्री

पौष महिन्यात पुण्याच्या मंडईत मिळते तशी कोवळी मेथी आणि तसा चाकवत वर्षभरात पुन्हा मिळत नाही, आणि हरभऱ्याचा पाला तर जेमतेम काही आठवडेच दिसतो. त्यामुळे या दिवसांत आमच्या घरी जवळजवळ रोज एक पालेभाजी असते, आणि निवृत्तीनंतर ती करण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले आहे. करता करता माझे एक मत पक्के होत गेले आहे, ते आज लिहून ठेवतो. पालेभाजी बेचव झाली की लोक मसाल्याच्या डब्याकडे हात नेतात. खरे तर पानांतून सुटलेल्या पाण्याचे काय करायचे हे आधी ठरलेले नसते, तिथेच ती फसलेली असते.

पालकाच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि बाकीच्या पालेभाज्याही त्याच्या फार मागे नाहीत. पाने तापली की हे पाणी बाहेर येते, आणि मग तीनच वाटा उरतात: ते मोठ्या आचेवर आटवायचे, पिठाला किंवा भिजवलेल्या डाळीला पिऊ द्यायचे, नाहीतर भाजीतच ठेवून घोटून दाट करायचे. परतलेली भाजी, पीठ पेरून केलेली भाजी आणि पळीवाढी भाजी हे आपल्या घराघरांतले प्रकार म्हणजे याच तीन वाटा आहेत. यांपैकी कुठलीच वाट न धरता भाजी झाकून मंद आचेवर सोडून दिली, की ती स्वतःच्याच पाण्यात लोळत राहते आणि ताटात तिच्याभोवती हिरवट पाण्याचे तळे साचते. अशा भाजीत गरम मसाला घातला तर फक्त गरम मसाल्याचीच चव लागते.

मेथीचे उदाहरण घेतो, कारण तिच्यात हे सगळे अगदी डोळ्यांसमोर घडते. मेथी चिरण्याआधी धुवावी, चिरल्यावर धुतली तर चव पाण्याबरोबर मोरीत जाते. धुताना मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने वरच्या वर उचलून घ्यावीत, म्हणजे माती तळाशी राहते; पातेले चाळणीत उलटे केले तर तीच माती पुन्हा पानांवर बसते. मग रोवळीत नाहीतर पंचावर पसरून ती चांगली निथळू द्यावी. ओली मेथी तेलात पडली की तेलाचे तापमान उतरते आणि भाजी परतली जाण्याऐवजी उकडू लागते. कढई पसरट आणि शक्यतो लोखंडी असावी, तेल सढळ असावे, आणि लसूण कडेने तांबूस होऊ लागला की मेथी दोन टप्प्यांत घालावी. पहिला घाणा बसला की दुसरा. सुरुवातीला चरचर असा आवाज येतो, मग पाणी सुटल्यावर तो मऊ पडून बुडबुड ऐकू येते, आणि पाणी आटत आले की पुन्हा चरचर सुरू होते. या दुसऱ्या चरचरीची वाट पाहणे हीच मेथीची सगळी कला आहे. मीठ त्यानंतर घालावे, कारण कच्च्या भाजीचा ढीग पाहून घातलेले मीठ शिजलेल्या मूठभर भाजीला हमखास जास्त होते. शिवाय आधी घातलेले मीठ पाणी आणखी लवकर बाहेर काढते. पीठ पेरायचे असेल तर मात्र थोडे पाणी शिल्लक असतानाच बेसन भुरभुरावे आणि तेल सुटेपर्यंत परतावे, नाहीतर पीठ कच्चट लागते.

कडूपणाचा अनेकांना धसका असतो आणि म्हणून मेथीला मीठ चोळून तिचा रस पिळून टाकण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. कडूपणाबरोबर मेथीपणही जाते. कडू नकोच असेल तर पालक करावा.

झाकणाविषयी थोडे. पाने तापली की त्यांतली आम्ले मोकळी होतात, आणि आम्लाच्या सहवासात हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाऊन हिरवा रंग शेवाळी पडतो. भांडे उघडे असले तर त्या आम्लांपैकी उडून जाणारा भाग वाफेबरोबर निघून जातो, झाकण असले तर तो थेंब होऊन परत भाजीत पडतो. जितका जास्त वेळ शिजवावे तितका रंग उतरतो, हे तर आहेच. रंग टिकवण्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालणारे आहेत. भाजी हिरवीगार दिसते खरी, पण पाने बुळबुळीत होतात आणि क जीवनसत्त्वाचेही नुकसान होते. आमच्या घरात सोडा भज्यांपुरताच आहे.

आता आंबट पालेभाज्या, म्हणजे चुका, चाकवताची ताकातली भाजी आणि अंबाडी. इथे रंगाचा आग्रह सोडूनच द्यावा लागतो, कारण आंबटपणा आहे तिथे शेवाळी रंग येणारच, आणि त्याचे वाईटही वाटत नाही. माझे बालपण सोलापुरात गेले, त्यामुळे अंबाडी ही माझ्या दृष्टीने पालेभाज्यांतली वरच्या पायरीवरची भाजी आहे. पक्षपात असेल तर असो. आई अंबाडीची पाने उकडून, घट्ट पिळून, आंबट पाणी बाजूला ठेवत असे आणि चव पाहून त्यातले लागेल तेवढेच परत भाजीत घालत असे. मीही तसेच करतो. पिळलेली पाने, शिजवलेली तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या एकत्र करून ते सगळे इतके घोटायचे की पान कोणते आणि कणी कोणती हे जिभेला सांगता येऊ नये. मीठ, थोडे तिखट आणि आंबटपणाला आवर घालण्यापुरता गुळाचा खडा, यापलीकडे त्यात काहीही नसते. या भाजीला लोखंडी कढई चालत नाही, आंबटपणाने लोखंडाची चव उतरते आणि भाजी काळवंडते. स्टीलचे किंवा कल्हईचे पातेले घ्यावे.

मग वरून फोडणी, आणि ती कंजूषपणे करून उपयोग नाही. छोट्या कढल्यात तेल चांगले तापू द्यावे, मोहरी पूर्ण तडतडू द्यावी, हिंग घालावा आणि मग सालासकट ठेचलेल्या लसणाच्या भरपूर पाकळ्या. लसूण पांढरा असताना उग्र असतो, तांबूस झाला की गोडसर खमंग होतो आणि त्याच्या पुढे अर्ध्या मिनिटातच कडवट होतो. म्हणून तो बदामी दिसला की आच बंद करावी, उरलेले काम तापलेले तेल करते. सुक्या मिरच्या आच बंद केल्यावरच टाकाव्यात. सोलापूरकडे भाकरीवर भाजी वाढून तिच्या मधोमध आळे करतात आणि त्यात हे लसणीचे तेल ओततात, आणि जेवणारा कडेकडेने भाजी त्या तेलाकडे ओढत खातो. डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितल्यापासून आमचे आळे लहान झाले आहे, पण बुजलेले नाही.

हरभऱ्याच्या पाल्याची गोष्ट अगदी निराळी आहे. त्या झाडाच्या अंगावरच्या बारीक केसांतून आंबट द्रव पाझरतो, ज्याला शेतकरी आंब म्हणतात. पूर्वी थंडीच्या दिवसांत पहाटे शेतात पातळ कापड फिरवून दवाबरोबर ही आंब गोळा करीत आणि पोटदुखीवर देत. शेंडे खुडणाऱ्यांची बोटे या आंबेने चुरचुरतात. तेव्हा हा पाला खळखळून, पुन्हा पुन्हा धुणे म्हणजे त्याचा जीवच काढून घेणे होय. हलक्या हाताने एकदा धुवावा आणि लगेच निथळावा. खरे तर त्याचा घोळाणाच करावा: कोवळे शेंडे, बारीक चिरलेला कांदा, शेंगदाण्याचे जाडसर कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल हाताने कालवायचे आणि गरम भाकरीबरोबर लगेच खायचे. इथे पाणी सुटूच द्यायचे नाही, म्हणून मीठ अगदी ताटे मांडल्यावर घालावे. जून पाला निघाला तर तो सावलीत वाळवून ठेवता येतो आणि उन्हाळ्यात ताज्या पालेभाज्या महाग झाल्या की डाळीच्या पिठात पळीवाढी करता येतो. वाळल्यावर त्याचा आंबटपणा कमी होत नाही, उलट गोळा झाल्यासारखा लागतो.

पत्नीचे माहेर रत्नागिरीचे, त्यामुळे आमच्या घरात पालेभाजीवर दोन मते कायमची नांदतात. तिच्या हातचे आळूचे फदफदे हा माझ्या सर्व सिद्धांतांना पुरून उरणारा पदार्थ आहे, कारण त्यात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मुळ्याच्या चकत्या, चिंच आणि गूळ इतकी मंडळी असूनही आळूच घरचा कर्ता राहतो. आळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. म्हणून आळू भरपूर शिजवणे आणि त्यात चिंच किंवा चुका घालणे ही घराघरांतली रीत आहे. अर्धवट शिजवलेल्या आळूला क्षमा नाही. आमचा वाद होतो तो गुळावरून आणि ओल्या खोबऱ्यावरून. लाल माठावर खोबरे मला मान्य आहे, माठ मुळात सौम्य आहे आणि खोबऱ्याने त्याला अंग येते. मेथीवर किंवा शेपूवर मात्र खोबरे पसरले की दोघांचीही चव बोथट होते असे माझे मत आहे, आणि ते तिला अजिबात मान्य नाही. ऋषिपंचमीच्या भाजीचा दाखला देऊन ती मला गप्प करते: तिच्या माहेरी त्या भाजीला फोडणीसुद्धा नसते, हिरवी मिरची, चिंच आणि खोबरे एवढ्यावर आळू, माठाचे देठ आणि भोपळा यांची चव अशी जमते की कोणी दुसऱ्यांदा मागितल्याशिवाय राहत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी दुसऱ्यांदा मागणाऱ्यांतलाच आहे.

शेपूविषयी एवढेच, की तिचा वास मारण्याचा प्रयत्न करू नये. भिजवलेली मूगडाळ तिचे पाणी पिते आणि वासही निवतो. डाळ बोटचेपी शिजावी, पण मोडू नये. जर्मनीत राहणाऱ्या मुलीला तिथल्या दुकानात शेपू कोवळी आणि चिमूटभरच्या पुड्यांत मिळते, कारण तिकडे ती काकडीवर आणि माशांवर भुरभुरण्याची वस्तू आहे. भाजीपुरती जमवायला तिला बऱ्याच पुड्या घ्याव्या लागतात. काल फोनवर तिने विचारले, "बाबा, गोठवलेल्या पालकाचे काय करू? पाणीच पाणी होते." तिला सांगितले की आधी तो सुक्या कढईत, तेलाशिवाय, कोरडा होईपर्यंत गरम कर, मग बाजूला काढून फोडणी कर आणि त्यात घाल. गोठवताना पानांच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, त्यामुळे पाणी एकदम आणि भरपूर सुटते. आज सकाळी तिने छायाचित्र पाठवले. ताटात तळे नव्हते.

उरलेल्या भाजीचेही याच हिशेबाने पाहावे. घोटलेल्या भाज्या दुसऱ्या दिवशी अधिक मुरतात, अंबाडी तर मला शिळीच जास्त आवडते. फक्त ती दाट होते, म्हणून गरम करताना आधण पाणी घालावे आणि फोडणी ताजी करावी. परतलेली मेथी मात्र शिळी झाली की चामट लागते. ती थालीपिठाच्या भाजणीत मळून टाकावी, भाजीत मीठ आहे हे धरून भाजणीत बेतानेच मीठ घालावे, आणि पाणी नेहमीपेक्षा कमी घ्यावे.