तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: कोबे

जपानहून शिकून आल्यापासून दारव्ह्याच्या बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत एक प्रश्न हमखास येतो. "एवढा जपान पायला तू, मंग त्यातलं चांगलं गाव कोनतं वं बाई?" समोरच्याला टोकियो नाहीतर फुजीचा डोंगर ऐकायचा असतो. मी कोबे म्हणते. "तिथं काय हाये?" याचं उत्तर मांडवात उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून लिहिते.

मी क्योतोला शिकत होते. सुट्टीच्या दिवशी सकाळची गाडी धरली आणि तासाभराच्या आत कोबेच्या सान्नोमिया स्टेशनवर उतरले. रोक्को डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी म्हणजे हे शहर. डोंगराचा माथा 931 मीटर उंच, आणि त्याच्या पायथ्यापासून बंदरापर्यंत माणूस चालत जाऊ शकतो. आमच्या शिवारात पऱ्हाटीच्या तासात उभं राहिलं की नजर अडायला बाभळीशिवाय काही नाही. इथे मात्र स्टेशनातून वर निघाल्यापासून चढच. पिंडऱ्या भरून आल्या. कितानो भागातल्या तेनमान देवळाच्या पायऱ्यांवर थांबून मागे वळले, तर खाली छपरांच्या पलीकडे समुद्र. डोंगर आणि समुद्र एकाच ठिकाणी उभं राहून मी तोवर पाहिले नव्हते. वाट विचारली तर तिथली माणसं उत्तर-दक्षिण सांगत नाहीत; डोंगराकडची बाजू की समुद्राकडची, एवढंच सांगतात. ते पुरतं.

या कितानोत आपली माणसं राहतात, सिंधी, गुजराती, पंजाबी. 1923 च्या मोठ्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले. जवळच 1935 ची मशीद आहे, जपानमधली पहिली. ती बांधायला भारतीय व्यापाऱ्यांनी पैसा दिला. 1945 चे बाँब आणि 1995 चा भूकंप, दोन्हींतून ती उभी राहिली. थोडं पुढे मोत्यांच्या व्यापारातल्या जैन कुटुंबांचं संगमरवरी देऊळ. दाराशी चपला काढून बसले. तेवढ्या वेळात परदेश पार विसरले.

दुपारी उतरत उतरत बंदरावर, मेरिकेन पार्कला आले. 17 जानेवारी 1995 ला पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी इथे भूकंप झाला. 6,434 माणसं गेली. सगळं बंदर पुन्हा बांधलं, पण धक्क्याचा साठेक मीटरचा तुकडा मोडला तसाच ठेवला आहे. मी कठड्याला धरून बराच वेळ तो पाहत होते. काँक्रीटच्या लाद्या पाण्यात कलंडलेल्या, दिव्याचे खांब वाकडे, आणि लाद्यांच्या भेगांत लाट शिरून परत येताना होणारा चुळुक आवाज. शेजारी एक आजी नातवाला बोटाने एकेक खांब दाखवत होत्या. किल्लारीचा भूकंप त्याच्या सव्वा वर्ष आधीचा, 30 सप्टेंबर 1993 चा. आपल्याकडेही असा एखादा तुकडा पोरांना दाखवण्यासाठी जपायला हवा होता, असं मला तिथे फार वाटलं.

पण मी कोबेचं नाव घेते ते कापसासाठी.

आमच्या दारव्ह्यावरून शकुंतला रेल्वे जायची. यवतमाळचा कापूस मुर्तिजापूरला, तिथून मोठ्या लायनीने मुंबईला आणि मुंबईहून मँचेस्टरला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. ही गोष्ट अर्धीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारताच्या कच्च्या कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपान होतं, आणि त्या गाठी मुख्यतः उतरायच्या कोबेला. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. मँचेस्टरच्या आसपासच्या लँकशायर भागातल्या गिरण्यांना लांब धाग्याचा अमेरिकन कापूस हवा असे. जपानी गिरण्यांनी मात्र आखूड आणि लांब कापूस मिसळून सूत काढायचं तंत्र चांगलं बसवलं, म्हणून त्यांना आपला स्वस्त माल चालला.

तो जपानला न्यायला आधी जहाजं होती युरोपीय कंपन्यांची, आणि भाडं ठरवायच्याही त्याच. 1893 साली जमशेटजी टाटा जपानला गेले. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू करणारे तेच जमशेटजी. निप्पॉन युसेन कैशा ही जपानी जहाज कंपनी, तिथले गिरणीवाले आणि टाटा यांनी मिळून मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली. त्या नोव्हेंबरात हिरोशिमा मारू हे पहिलं जहाज कोबेहून मुंबईला निघालं. युरोपीय कंपन्यांनी चिडून भाडी पाडली, तरी ही सेवा टिकली.

हे सगळं विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचून मी कोबेला गेले होते. त्या पाण्याकडे बघताना डोळ्यांपुढे आजीचे हात आले, बोंडाच्या टरफलांनी ओरखडलेले. वेचणी करणाऱ्या बाईला तिच्या ओट्यातला कापूस कुठवर जातो हे कधी कोणी सांगितलं नाही.

घरी हे सांगितलं तेव्हा काकाजी म्हणाले, "मंग भावही तिकूनच ठरत असन." बरोबर बोलले. 1933 मध्ये भारत सरकारने जपानी कापडावरचा कर वाढवला, तेव्हा जपानी गिरण्यांनी आपला कापूस घेणंच थांबवलं. 1934 च्या जानेवारीत तडजोड झाली: जपानने 10 लाख गाठी उचलल्या तर त्यांचं 32.5 कोटी यार्ड कापड भारतात येऊ द्यायचं, 15 लाख गाठी उचलल्या तर 40 कोटी यार्ड. बोलणी चालू होती त्याच दिवसांत इकडे वेचणीचा हंगाम होता, आणि गाठी बांधून तयार होत होत्या.