लाइनच्या पाच जणांसाठी कोच शोधताना

गेल्या जानेवारीत आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा ऑफेन्सिव्ह लाइन कोच दुसऱ्या नोकरीवर गेला आणि त्याच्या जागी नवा माणूस निवडायच्या समितीत माझं नाव लागलं. मी ओहायोतल्या एका छोट्या खासगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना. तिच्या प्रत्येक सभासद कॉलेजात एक प्राध्यापक क्रीडा-प्रतिनिधी असतो. मुलांचा अभ्यास आणि मैदान एकमेकांच्या आड येऊ नयेत हे त्याने पाहायचं. ते काम गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे. समितीत हेड कोच, आक्रमणाची आखणी करणारा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, प्रवेश विभागातल्या एक बाई, खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत पाहणारा अ‍ॅथलेटिक ट्रेनर आणि मी असे पाच जण होतो.

हा फुटबॉल अमेरिकन, म्हणजे हेल्मेट आणि पॅड घालून लंबगोल चेंडूने खेळायचा. ११ जणांच्या आक्रमक संघात पुढच्या ओळीत मधोमध एक सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. या पाच जणांनी पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची. पुढे फेकलेला पास त्यांनी झेलायचा नाही. समोरच्याला धरून ओढलं तर १० यार्डांचा दंड. धावफलकाखालच्या तक्त्यात पळणाऱ्याचे यार्ड असतात, झेलणाऱ्याचे झेल असतात, या पाच जणांच्या नावापुढे काहीच नसतं. मी सांगलीकडची, शाळेत असताना कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे. चढाई करणाऱ्याचं नाव होतं आणि पकड सगळ्या साखळीची असते, हे मला माहीत होतं. त्यामुळे या खेळात माझी नजर आधी या पाच जणांवर गेली आणि तिथेच राहिली.

या टीममध्ये प्रत्येक जागेला वेगळा शिक्षक असतो. क्वार्टरबॅकचा वेगळा, झेलणाऱ्यांचा वेगळा, लाइनचा वेगळा. हे पोझिशन कोच. हेड कोच शंभरेक मुलांना एकत्र सांभाळतो, पण मुलाचा रोजचा संबंध येतो तो पोझिशन कोचशी. झोप झाली का, पेपर कसा गेला, गुडघा का धरलाय, हे त्याला आधी कळतं. आमच्यासारख्या एनसीएएच्या तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजांत त्याच्याकडे आणखी एक जबाबदारी असते. या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मुलं गुणवत्ता आणि आर्थिक गरज पाहून मिळणाऱ्या मदतीवर आणि घरच्या पैशावर येतात. म्हणून कोचने हायस्कुलं फिरायची, आईवडिलांच्या स्वयंपाकघरात बसून कॉलेजबद्दल सांगायचं आणि १ मेपर्यंत, म्हणजे प्रवेशाची अनामत भरायच्या मुदतीपर्यंत, मुलांना आपल्याकडे वळवायचं. छोट्या कॉलेजची पटसंख्या बऱ्याच अंशी यावर उभी असते.

जाहिरात दिल्यावर नऊ दिवसांत ७४ अर्ज आले. जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन भरतं. तिथे व्याख्यानं होतात, पण नोकरीच्या गाठीभेटी हॉटेलच्या लॉबीत होतात. आमचे हेड कोच तिथून खिसाभर व्हिजिटिंग कार्डं घेऊन आले होते. त्यांच्या मनात दोन नावं तेव्हाच पक्की होती असं मला वाटतं, पण त्यांनी ती आम्हाला सांगितली नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

छाननीचा तक्ता मी केला. कॉलेज पातळीवरच्या अनुभवाला ३० गुण, नवी मुलं आणण्याच्या कामाला २५, शिकवण्याला २०, खेळाच्या तांत्रिक माहितीला १५, सुरक्षिततेला १०. प्रत्येकाने अर्ज स्वतंत्रपणे वाचायचे, गुण द्यायचे, मग सरासरी काढायची. पहिल्या आठ जणांशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. नववा होता एका सरकारी हायस्कुलात इतिहास शिकवणारा आणि तिथल्याच टीमच्या लाइनला शिकवणारा शिक्षक. वय चाळिशीच्या आसपास असावं. कॉलेजचा अनुभव शून्य, त्यामुळे ३० गुण जागच्या जागी गेले. तो यादीबाहेर राहिला याची मला त्या वेळी काहीच खंत वाटली नाही. दोन दिवसांनी आठांतल्या एकाला दुसरीकडे नोकरी लागली, त्याने अर्ज मागे घेतला आणि नववा आत आला. या योगायोगाचा विचार मी अजून करते. आम्ही शिकवणारा माणूस शोधत होतो आणि मी शिकवण्याला २० गुण ठेवले होते.

मुलाखतींआधी एचआरने आम्हाला बसवून नियम सांगितले. वय, लग्न, मुलंबाळं, धर्म, मूळ देश, यातलं काही विचारायचं नाही. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आपल्याकडे ‘घरी कोण कोण असतं?’ हे ओळखीचं पहिलं वाक्य, त्यामुळे मला जीभ आवरायला लागली. पण एकच प्रश्न सात-आठ जणांच्या तोंडून ऐकला की उत्तरांतला फरक लख्ख दिसतो, हेही तिथेच कळलं.

सुरक्षिततेचा प्रश्न आमच्या ट्रेनरने लिहिला होता आणि त्यामागे कारण होतं. २०१८ च्या मे महिन्यात मेरिलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा लाइनमन सरावात उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. थंड पाण्यात बुडवून शरीराचं तापमान लगेच उतरवायला हवं होतं, ते झालं नाही, असं चौकशीत पुढे आलं. लाइनची मुलं सगळ्यांत वजनदार, १२०-१३० किलोंची. उन्हाचा धोका त्यांनाच जास्त. ट्रेनरचा प्रश्न साधा होता: ऑगस्टमधल्या सरावात एखादा मुलगा ‘मी ठीक आहे’ म्हणतोय पण भरकटल्यासारखा बोलतोय, तर तुम्ही काय कराल? बहुतेकांनी ‘ट्रेनरला बोलावेन’ असं सांगितलं, आणि ते बरोबरच आहे. इतिहासाचे शिक्षक म्हणाले, “हाक मारता मारताच त्याला टाकीकडे न्यायला लागेन. आधी गार करायचं, हॉस्पिटल नंतर.” ट्रेनरने मान वर करून स्क्रीनकडे पाहिलं.

शेवटच्या फेरीला तीन जण कॉलेजात आले, प्रत्येकासाठी एक अख्खा दिवस. सकाळी समिती, मग प्रवेश विभाग, दुपारचं जेवण, आणि तीन वाजता खरी परीक्षा: लाइनच्या १४ मुलांच्या खोलीत २५ मिनिटांचा तास. विषय तिघांनाही एकच दिला होता, इनसाइड झोन. चेंडू घेऊन पळायच्या डावपेचांमधला हा अगदी पायाचा प्रकार. नियम असा: तुझ्यासमोर कुणी उभा असेल तर तो तुझा. नसेल तर खेळ ज्या बाजूला चाललाय त्या बाजूच्या शेजाऱ्याला हातभार लाव, आणि समोरचा हलला की दोघांपैकी एकाने सुटून मागच्या लाइनबॅकरकडे, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूकडे, जायचं. ऐकायला सोपं वाटतं. समोरचे लोक शेवटच्या क्षणी जागा बदलतात, आणि त्या गोंगाटात पाचही जणांचं उत्तर एकच यावं लागतं.

पहिला उमेदवार पहिल्या डिव्हिजनच्या मोठ्या टीममध्ये काम करून आलेला. स्लाइड देखण्या, व्हिडिओचे तुकडे नेमके, ज्ञान अफाट. प्रश्न तो आमच्या सेंटरला विचारत होता, कारण सेंटरला उत्तरं येत होती. एका गार्डचं उत्तर चुकलं तेव्हा त्याने बरोबर उत्तर सांगितलं आणि पुढची स्लाइड लावली. हेड कोच खूश होते. मीही होते, खोटं कशाला सांगू.

दुसरा आमचाच माजी विद्यार्थी, पंचविशीतला, सध्या एका कॉलेजात एमए करता करता टीमला मदत करणारा. मुलं त्याच्यावर जीव टाकत होती. त्याने खोलीत चैतन्य आणलं, पण तास संपला तेव्हा फळ्यावर अर्धाच खेळ होता.

तिसरे इतिहासाचे शिक्षक. त्यांनी प्रोजेक्टर लावलाच नाही. पाच खुर्च्या ओळीत मांडल्या, मुलांना बचावाच्या जागी उभं केलं आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला डाव्या गार्डच्या खुर्चीत बसवलं. हा मुलगा वर्षभरात क्वचितच बोललेला. शिक्षकांनी विचारलं, “तुझ्यासमोर कुणी आहे?” तो म्हणाला, “हो.” समोर कुणी नव्हतं. तिरक्या रेषेत एक जण होता. शिक्षकांनी चूक म्हटलं नाही. ते स्वतः त्याच्या खुर्चीमागे वाकले, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं आणि म्हणाले, “इथून खरंच तो तुझ्यासमोरच दिसतोय. आता नाकासमोर एक रेघ ओढ. तो रेघेवर आहे की बाजूला?” मुलगा थांबला. “बाजूला.” “मग मदत कुणाला?” “सेंटरला.” मग त्यांनी बचावाच्या मुलांची जागा बदलली आणि तोच प्रश्न पुन्हा. चार वेळा. चौथ्या वेळी प्रश्न यायच्या आधीच तो उठून सेंटरच्या खांद्याला भिडला होता.

मी २२ वर्षं वर्गात उभी आहे. विद्यार्थ्याची चूक त्याच्या जागी बसून पाहणारे शिक्षक मी फार थोडे पाहिलेत. माझं मत त्या खोलीत ठरलं.

आणखी एक गोष्ट. परिसर दाखवताना तिघांनीही वेटरूम पाहिली, मीटिंगची खोली पाहिली. इतिहासाच्या शिक्षकांनी एकट्यांनी विचारलं, “सरावाच्या वेळी थंड पाण्याची टाकी मैदानापासून किती लांब ठेवता?” आणि मग ते अंतर पावलांनी मोजलं.

समितीची शेवटची बैठक सोपी नव्हती. माझ्या तक्त्याप्रमाणे पहिला उमेदवार बराच पुढे होता. उमेदवार पाहून झाल्यावर गुणांचे वजन बदलायचं नाही, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे तक्त्याला हात लावणं मला मान्य नव्हतं. सुदैवाने एचआरने शेवटच्या टप्प्यावर क्रमवारी मागितलीच नव्हती. प्रत्येकाच्या जमेच्या आणि कमतरतेच्या बाजू लिहून द्यायच्या, निर्णय हेड कोचचा. हेड कोचचा आक्षेप रास्त होता. सरकारी शाळेचा शिक्षक वर्ष अर्धवट टाकून येणार नाही, म्हणजे तो जूनमध्ये रुजू होणार. १ मेची मुदत तोवर उलटलेली. लाइनसाठी मुलं आणायची कुणी? ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “ते मी करतो.” मी म्हटलं की तक्ता माझा होता, मी अनुभवाला वजन दिलं आणि शिकवणं पाहण्याआधीच त्याची किंमत ठरवली, ही त्यातली कमतरता अहवालात लिहून द्यायला मी तयार आहे. आणि लिहूनही दिली.

मुलांचे अभिप्राय बंद पाकिटांत होते. आमच्या चौथ्या वर्षाच्या सेंटरने पहिल्या उमेदवाराबद्दल चांगलंच लिहिलं होतं, पण शेवटी एक ओळ होती: ‘आम्हाला किती येतं, हे त्यांना कळलं नाही. तिसऱ्यांना दहा मिनिटांत कळलं.’ हेड कोचने ती ओळ दोनदा वाचली.

संदर्भासाठी फोन मी केले. कुणाचं कौतुक करायला सांगितलं की सगळेच करतात, म्हणून मी प्रत्येकाला एकच विचारत गेले: यांनी शिकवलेला सगळ्यांत कच्चा खेळाडू कोण होता आणि त्याचं पुढे काय झालं? पहिल्या उमेदवाराच्या जुन्या वरिष्ठांना असा कुणी आठवेना. इतिहासाच्या शिक्षकांच्या मुख्याध्यापिका क्षणभरही थांबल्या नाहीत. चार वर्षांत एकही सामना सुरुवातीपासून न खेळलेला एक मुलगा त्यांनी सांगितला. तो आता दर शुक्रवारी शाळेच्या सामन्याला येऊन लहान मुलांच्या लाइनला शिकवतो.

हेड कोचने दोन दिवस घेतले आणि इतिहासाच्या शिक्षकांनाच फोन केला. त्यांनी लगेच होकार दिला नाही. ओहायोतल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांचं निवृत्तिवेतन वेगळ्या निधीतून येतं, खासगी कॉलेजात आल्यावर तो हिशेब तुटतो. पगारही फार वाढणार नव्हता. आठवडाभर आम्ही वाट पाहिली. आमचा माजी विद्यार्थी त्या आठवड्यात मला दोनदा कँटीनपाशी भेटला आणि मला त्याला काही सांगता आलं नाही. नंतर नकार कळवायची वेळ आली तेव्हा हेड कोचने ईमेल न पाठवता त्याला समोर बसवून अर्धा तास दिला. फळ्यावर खेळ अर्धा का राहिला, हे त्याला दाखवलं.

होकार आला. किंमतही मोजली: त्या वर्षी लाइनसाठी सहा मुलं आणायची होती, चारच आली.

ऑगस्टच्या पहिल्या सरावाला मी मुद्दाम गेले. सकाळीच ऊन चटकत होतं. टाकी मैदानाच्या कडेला सरकवलेली होती, पाणी भरून, बाजूला बर्फाचे डबे. लाइनच्या मुलांकडे चेंडू नव्हता. ती एका रेषेवर वाकून पहिलं पाऊल टाकत होती, सहा इंचांचं, पुन्हा पुन्हा. डाव्या गार्डच्या जागेवर तोच मुलगा होता, आता दुसऱ्या वर्षाचा. कोच त्याच्यामागे गवतावर एक गुडघा टेकून बसले होते. “समोर आहे?” त्यांनी विचारलं. “नाही!” तो एवढ्या मोठ्याने ओरडला की पलीकडच्या मैदानावर झेल घेणाऱ्या मुलांनी वळून पाहिलं.