बाळाच्या पेशी वाढल्यात, पण कोणत्या?

कराडच्या आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट हातात पडला की आईवडील आधी टोटल काउंटची, म्हणजे रक्तातल्या एकूण पांढऱ्या पेशींची ओळ शोधतात. तिथे ठळक ‘एच’ (म्हणजे ‘हाय’, जास्त) दिसला की पुढचं कुणी वाचत नाही. दीड वर्षाच्या मुलाचा काउंट १४,०००, शेजारी छापलेली मर्यादा ४,००० ते ११,०००. घरी पोचेपर्यंत मोबाइलवर शोधून झालेलं असतं आणि ब्लड कॅन्सरच्या भीतीने आजीने देव पाण्यात घातलेले असतात.

ती मर्यादा मोठ्या माणसांची आहे. वर्षाच्या बाळात साधारण ६,००० ते १७,५०० पेशी नॉर्मल असतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळात ३०,००० पर्यंतही असू शकतात आणि पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत त्या उतरतात. म्हणून फॉर्मवर वय लिहिताना ‘१ वर्ष’ एवढ्यावर थांबू नका, महिने लिहा. त्यावरून योग्य मर्यादा लावता येते.

दुसरं म्हणजे रडणं. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यातल्या काही पेशी एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या असतात. मूल जीव तोडून रडलं, झटका आला, फार ओकलं, की त्या रक्तात उतरतात आणि काही मिनिटांत काउंट चढतो. इन्फेक्शन असायलाच हवं असं नाही. दम्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या सिरपनेही न्यूट्रोफिल वाढतात. रक्त घेताना मी औषधं विचारते ती एवढ्यासाठी. कृपा करून सगळी सांगा, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा.

आता डीसी, म्हणजे कोणत्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती टक्के. माझ्या दृष्टीने टोटल काउंटइतकीच ही ओळ महत्त्वाची. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात, त्यात बिघाड काही नाही. न्यूट्रोफिल भरपूर, सोबत अर्धवट वाढलेल्या बँड पेशी आणि सडकून ताप, असं दिसलं की डॉक्टर न्यूमोनिया, कुठे साठलेला पू, लघवीचं इन्फेक्शन शोधतात. हे शेवटचं लहान मुलींत फार निसटतं. खोकला नाही, सर्दी नाही, नुसता ताप, तर लघवी तपासायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. इओसिनोफिल या आणखी एका प्रकारच्या पेशी वाढल्या तर दमा, ॲलर्जी किंवा जंत.

आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबांची लेकरं येतात. एकदा अशीच पाच महिन्यांची मुलगी आली होती. ताप जवळजवळ नव्हताच. खोकल्याची उबळ आली की चेहरा निळा पडायचा. काउंट ४०,००० च्या वर, आणि स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्तात, जिकडे पाहावं तिकडे लिम्फोसाइट. एरवी बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये न्यूट्रोफिल वाढतात, मग हे कसं? डांग्या खोकल्याचा जंतू एक विष सोडतो आणि त्यामुळे लिम्फोसाइट रक्तातून बाहेर लसीका ग्रंथींत जाऊच शकत नाहीत. त्या रक्तातच साचत जातात. तान्ह्या बाळात हा आकडा फार चढला तर फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत पेशी अडकून जिवावर बेततं. मी स्लाइड घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी बाळाला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवलं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळणारी, डांग्या खोकल्यापासूनही वाचवणारी पेंटाव्हॅलंट लस या मुलीला एकदाही मिळाली नव्हती. गाव सुटलं की लसीचं कार्ड गावी राहतं आणि फडावर कुणी विचारायला येत नाही, याचा मला आजही संताप येतो. लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाळालाही.

आणि ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर. मुलांत तो सर्वाधिक २ ते ५ वर्षांच्या वयात दिसतो, पण नुसता काउंट वाढला म्हणून तो ठरत नाही. कधी काउंट नॉर्मल किंवा कमीही असतो. मी आधी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघते. दोन्ही पडलेले, मूल पांढरंफटक, अंगावर लाल बारीक ठिपके, मानेत गाठी, पाय दुखतात म्हणून चालायला नको म्हणणारं, असं असेल तर स्मिअर पॅथॉलॉजिस्टनी स्वतः बघितलाच पाहिजे. मशीनच्या छापील कागदावर समाधान मानू नका. चांगल्या केंद्रात नीट उपचार झाले तर यातली बहुसंख्य मुलं बरी होतात.

अशा मुलाला निदानाआधी स्टेरॉइड मात्र देऊ नये. ताप उतरतो, गाठी बसतात, मूल खेळायला लागतं, आणि कॅन्सरच्या पेशी काही काळ रक्तातून दिसेनाशा होतात. मग माझ्या स्लाइडवर काही सापडत नाही, निदान लांबतं आणि पुढचे उपचार अवघड होतात.