दुखऱ्या कंबरेसह संगीत महोत्सवाच्या तंबूत

जुनी कंबरदुखी असलेल्या माणसाने संगीत महोत्सवाला खुशाल जावे, पण मुक्काम मात्र पक्क्या छताखाली आणि नेहमीच्या पलंगावर करावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही, पण हा सल्ला मी मानलेला नाही. रात्री मुख्य मंच शांत झाल्यावर शेजारच्या तंबूंमधून उशिरापर्यंत चाललेल्या गप्पा आणि सकाळी ध्वनिव्यवस्था तपासणाऱ्यांनी वाजवलेले ढोलाचे सुटे ठोके यांच्याविना महोत्सव मला अर्धाच वाटतो. शिवाय कंबरदुखी ही काही मोजक्या लोकांची अडचण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२० साली जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना ती होती, आणि त्यांतील सुमारे ९० टक्के लोकांच्या दुखण्यामागे एखादा विशिष्ट आजार किंवा हाडाचा दोष दाखवता येत नाही. मी लिहितो आहे ते अशाच, अधूनमधून डोके वर काढणाऱ्या दुखण्याविषयी.

तंबूतल्या मुक्कामाचा विषय निघाला की सगळी चर्चा गादीभोवती फिरते. गादीला महत्त्व आहेच, पण माझ्या मते कंबरेची खरी कसोटी रात्री नसते, ती सकाळी उठल्यानंतरच्या पहिल्या तासात असते. मणक्यांच्या मधल्या चकत्या रात्री आडवे पडल्यावर, भार उतरल्यामुळे, पाणी शोषून घेतात आणि किंचित फुगतात. दिवसभर उभे राहिल्याने आणि बसल्याने ते पाणी पुन्हा पिळून निघते. त्यामुळे माणसाची उंची सकाळी जास्त आणि रात्री कमी भरते. हा फरक साधारण एक टक्क्याचा असतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक घट उठल्यानंतरच्या पहिल्याच तासात होते. म्हणजे या तासात चकत्या फुगलेल्या आणि ताणलेल्या असतात, आणि पुढे वाकल्यास मणक्यांवर व त्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर येणारा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा बराच जास्त असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना सकाळच्या वेळी पुढे वाकणे टाळायला शिकवले गेले, आणि तेवढ्याने त्यांच्या दुखण्याच्या दिवसांत घट झाली. औषध नाही, उपकरण नाही, केवळ एक सवय.

आता तंबूतली सकाळ कशी असते ते पाहावे. डोळे उघडल्यावर माणूस स्लीपिंग बॅगमध्ये उठून बसतो, तिची चेन उघडायला पायांकडे वाकतो, मग तंबूच्या दाराची चेन शोधत गुडघ्यांवर पुढे सरकतो, दारातच बसून बुटांच्या नाड्या बांधतो आणि ओणव्यानेच बाहेर पडतो. बाहेर आल्यावर चहासाठी जमिनीवर ठेवलेली शेगडी पेटवायला पुन्हा वाकतो. ज्या तासात कंबर वाकवू नये, नेमक्या त्याच तासात तंबू आपल्याला दर दोन मिनिटांनी वाकायला लावतो. उसण भरते ती बहुधा अशाच एखाद्या किरकोळ क्षणी, आणि दोष मात्र रात्रीच्या गादीला दिला जातो.

यावर मी बसवलेला क्रम साधा आहे. जाग आल्यावर लगेच उठून बसायचे नाही. पाठीवर पडूनच गुडघे दुमडायचे, ते दोन्ही बाजूंना हलकेच झुकवायचे, श्वास मोकळा सोडायचा आणि कंबरेचा ताठरपणा थोडा निवळू द्यायचा. गुडघे छातीशी ओढून घेण्याचा व्यायाम अनेकांच्या आवडीचा आहे, पण त्यातही कंबर पुढे वाकतेच, म्हणून तो मी दुपारसाठी राखून ठेवतो. मग खांदे आणि नितंब एकाच वेळी वळवून कुशीवर यायचे, हातांनी जमीन रेटून आधी गुडघ्यांवर, नंतर एक पाऊल पुढे टाकून मांडीवर हात टेकत उभे राहायचे. बूट रात्रीच नाड्या सैल करून दाराबाहेरच्या आडोशाला, पाय सरकवता येतील असे ठेवायचे. नाड्या आवळायच्या त्या उभे राहून, पाय खुर्चीवर ठेवून. शेगडी, पाण्याचे भांडे आणि टूथब्रश यांच्यासाठी एक घडीचे टेबल मी नेतोच नेतो. सामान कमी करायची वेळ आली तर दुसरे काहीही काढावे, ते टेबल काढू नये.

याच कारणासाठी तंबू निवडताना वजनापेक्षा उंची पाहावी. ज्यात उभे राहून कपडे घालता येतात असा तंबू जड असतो आणि उभारायला वेळही घेतो, पण बसून, वाकून पॅंट चढवण्याची कसरत तो वाचवतो. घडीची खाट जमत असेल तर उत्तम, कारण गुडघ्याच्या उंचीवरून उठणे जमिनीवरून उठण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. मात्र कापड मधोमध झोळीसारखे लोंबणारी खाट घेऊ नये आणि घेतलीच तर तिच्यावर पातळ गादी घालावी.

गादीबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो असा की कंबरदुखीला कडक बिछानाच चांगला. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांवरील चाचणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना कडक गादीवर झोपणाऱ्यांपेक्षा अधिक आराम मिळाला. तंबूत याचा अर्थ असा की हवेची गादी अगदी टणक होईस्तोवर फुगवू नये. कुशीवर पडल्यावर नितंब थोडे रुतावेत, पण जमिनीला टेकू नयेत, इतकी हवा पुरे. थंडीत हवा आकसते, त्यामुळे संध्याकाळी बरोबर वाटलेली गादी मध्यरात्री मऊ पडते. झोपण्यापूर्वी एकदा हाताने दाबून पाहावे. आणि साध्या हवेच्या गादीतून जमिनीचा गारवा थेट वर येतो, कारण आतली हवा खेळती राहून अंगाची ऊब खाली पोहोचवते. म्हणून गादी घेताना तिची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता दाखवणारा आकडा, पाहावा. तो जितका मोठा तितकी ऊब टिकते. थंडीने रात्रभर अंग आखडून झोपलेल्या माणसाची कंबर सकाळी धरलेली असली तर नवल नाही. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये गुंडाळलेले जाकीट आणि पाठीवर झोपताना तेच गुडघ्यांखाली, एवढ्याने माझी झोप पालटते. जमीन उताराची असेल तर डोके चढाकडे ठेवावे. आडव्या उतारावर तंबू ठोकू नये, कारण घसरू नये म्हणून रात्रभर कंबरेचे स्नायू नकळत झगडत राहतात.

दिवसाचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते सोपाही आहे. कंबरेला सगळ्यांत जास्त जाचते ते एकाच स्थितीत राहणे. मंचासमोर तासन् तास एका जागी उभे राहिल्याने जेवढे दुखते तेवढेच गवतावर पाठीला टेकू न देता बसल्यानेही दुखते, किंबहुना त्याने जास्तच, कारण पोक काढून बसल्यावर चकत्यांवरचा दाब उभे राहण्यापेक्षा वाढतो. म्हणून मी गर्दीच्या मध्यभागी न शिरता कडेला उभा राहतो, जिथून केव्हाही निघता येते. दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ बसण्यात न घालवता चालण्यात घालवतो. चालण्याचे महत्त्व पटवणारी एक चाचणी २०२४ साली ‘द लॅन्सेट’मध्येच आली आहे. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ लोकांपैकी ज्यांना चालण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम आणि मार्गदर्शन मिळाले, त्यांचे दुखणे उलटायला मध्यक मानाने २०८ दिवस लागले, तर इतरांना ११२. महोत्सवाचे मैदान एवढे विस्तीर्ण असते की चालण्यासाठी निमित्त शोधावे लागत नाही. हे चालणे महोत्सवाच्या काही आठवडे आधीपासून सुरू केलेले असावे, म्हणजे पहिल्याच दिवशी शरीरावर एकदम भार पडत नाही.

वाहनतळापासून तंबूच्या जागेपर्यंत सामान नेणे हा मात्र नाजूक भाग आहे. शक्यतो चाकांची गाडी वापरावी. पाठीवरची सॅक असेल तर तिचा कमरपट्टा नितंबाच्या हाडांवर घट्ट आवळावा, म्हणजे भार खांद्यांऐवजी तिथे जातो. एका हातात जड पिशवी घेऊन एका बाजूला कलत चालण्यापेक्षा दोन फेऱ्या केलेल्या बऱ्या.

औषधांविषयी थोडक्यात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीतून बरे होण्याचा काळ पॅरासिटामॉलने कमी झाला नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा काहींना उपयोग होतो, पण त्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत. उन्हात घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात आणि मद्याबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पोटाचा, मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. मला स्वतःला शेकाचा आधार अधिक वाटतो. लोहाची भुकटी हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून तापते अशा, अंगाला गुंडाळायच्या पट्ट्या विजेविना कित्येक तास ऊब देतात. त्या पातळ कपड्यावरून बांधाव्यात आणि झोपताना काढाव्यात, नाहीतर त्वचा भाजते.

काही लक्षणे मात्र कार्यक्रम संपेपर्यंत थांबण्यासारखी नसतात. जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच क्षणी वैद्यकीय तंबू गाठावा, कारण नसांच्या गुच्छावर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तासांनाही किंमत असते. पाठदुखीबरोबर ताप असेल किंवा पडल्यानंतर तीव्र वेदना सुरू झाल्या असतील, तरीही दाखवून घ्यावे.

बऱ्याच महोत्सवांत शारीरिक अडचण असलेल्यांसाठी मंचाजवळ बसण्याची सोय आणि रस्त्यालगत तंबूची जागा राखलेली असते. तिच्यासाठी आधी अर्ज करावा लागतो आणि आपण तेवढे आजारी नाही या संकोचाने अनेक जण तो करत नाहीत. हा संकोच मला पटत नाही. आपली अडचण नीट लिहून विचारावे, निर्णय आयोजकांनी घ्यावा.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना लवकर निघण्याची घाई असते आणि तंबू उतरवणे म्हणजे पहाटे वाकून खुंट्या उपटणे. मी जादा सामान आदल्या संध्याकाळीच गाडीत ठेवतो. सकाळी आधी तासभर मैदानाला फेरी मारतो आणि मगच तंबूला हात लावतो, तोही एक गुडघा जमिनीला टेकून. तोवर दव सुकून कापडही कोरडे झालेले असते, आणि घडी हलकी होते.