फॉर्ममधलं निवृत्तीचं वर्ष

रविवार, रात्रीचे साडेअकरा

ऑफिसच्या निवृत्ती योजनेचा फॉर्म आठवडाभर टाळला, आज शेवटी उघडला. फंड बदलायची मुभा वर्षातून एकदाच मिळते आणि मुदत शुक्रवारी संपते. नोकरीला लागताना त्यात जे आपोआप टिक झालेलं होतं, तेच गेली 15 वर्षं चाललंय. दर महिन्याला पगारातून पैसे कापले जातात, पण जातात कुठे हे मी कधी धड वाचलंही नव्हतं.

पहिलाच रकाना: निवृत्तीचं वर्ष. मी झटकन 2035 टाकलं. आता 44 ची आहे, 52 व्या वर्षी नोकरी सोडायची हे मनाशी पक्कं आहे, म्हणजे जवळचं वर्ष तेच. लगेच त्याने 2035 चा फंड पुढे केला. हे फंड सोयीचे असतात. आपण काही करायचं नाही. वर्ष जवळ येईल तसा शेअर्समधला वाटा तेच कमी करत जातात आणि रोख्यांमधला वाढवतात. वाटलं, झालं काम.

मग खाली बारीक अक्षरांतले नियम वाचले आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. या खात्यातले पैसे 60 च्या आधी काढता येत नाहीत. म्हणजे मी 52 ला घरी बसले तरी पुढची आठ वर्षं ही रक्कम मला नुसती पडद्यावर दिसणार. मग ती 2035 च्या सुमाराला रोख्यांकडे वळवून साधायचं काय? तिला तर अजून बरीच वर्षं वाढायचंय. आणि 60 ला हाती आली तरी एकदम खर्च होणार नाही; 90 पर्यंत जगले तर आणखी 30 वर्षं पुरायला हवी. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर खर्च 12 वर्षांत दुप्पट होतो, बहात्तरला सहाने भागायचं की झालं. मी नोकरी कधी सोडणार आणि हे पैसे कधी लागणार, ही दोन वेगळी वर्षं आहेत. रकाना मात्र एकच. 2035 खोडून 2045 केलं.

यादीत आमच्याच कंपनीचे शेअर्स हाही पर्याय होता. सवलत चांगली आहे, पण नको. पगारही तिथूनच आणि म्हातारपणही तिथेच? 2001 मध्ये एन्रॉन बुडाली तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतली निम्म्याहून जास्त रक्कम एन्रॉनच्याच शेअर्समध्ये होती. नोकरी आणि पुंजी दोन्ही एकदमच गेली.

फंड दरवर्षी आपल्या रकमेतून कापतो त्या खर्चाच्या टक्क्यांकडेही आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. माझ्या जुन्या फंडाचा खर्च 1.2 टक्के, त्याच यादीतल्या इंडेक्स फंडाचा (बाजाराच्या निर्देशांकाची नुसती नक्कल करणारा) 0.2. एका टक्क्याने असा काय फरक पडतो, म्हणून एक्सेलमध्ये मांडून बघितलं. खर्च वजा जाण्याआधीचा परतावा दोन्हीकडे 6 टक्के धरला, तर 25 वर्षांत 100 चे इंडेक्स फंडात 409 होतात आणि जुन्या फंडात 323. सूत्र चुकलं असेल म्हणून तीनदा तपासलं. चुकलं नव्हतं. गेल्या 15 वर्षांचा हिशेब मुद्दामच केला नाही, झोप उडाली असती.

नवऱ्याने खांद्यावरून डोकावून विचारलं, ‘‘मग त्या आठ वर्षांत खायचं काय?’’ याला नेमका मोक्याचा प्रश्न सुचतो, आणि तोही मी खूश असताना.

बरोबरच आहे त्याचं. त्या आठ वर्षांचे पैसे योजनेच्या बाहेर, हवे तेव्हा काढता येतील असे असायला हवेत. शिवाय त्यातले निदान पहिल्या दोन-तीन वर्षांचे शेअर्समध्ये नकोत. सोडल्या सोडल्या बाजार पडला आणि त्या पडत्या भावात विकून घर चालवावं लागलं, तर पुढे बाजार सावरला तरी विकलेलं काही परत येत नाही. ते चार टक्क्यांचं सूत्र सगळे सांगतात (पहिल्या वर्षी पुंजीतले चार टक्के काढायचे, मग दरवर्षी महागाईइतके वाढवायचे), पण विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने 1994 मध्ये ते मांडलं ते अमेरिकेतल्या बाजाराच्या आकड्यांवरून आणि 30 वर्षं पैसे पुरावेत म्हणून. मला 52 पासून 38 वर्षं काढायचीत. माझ्यापुरतं मी साडेतीनच धरते.

आज बाहेर किती आहे ते मोजलं. जेमतेम 14 महिन्यांचा खर्च. हवेत 96 महिन्यांचे.

म्हणून योजनेतली माझी कपात कमी केली. मी भरते तेवढेच पैसे कंपनीही घालते, पण ते पगाराच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच. तेवढे तर सोडायचे नाहीत. त्याच्या वर मी हौसेने जे भरत होते ते आता बाहेर वळवायचं. तिथे करसवलत मिळणार नाही, त्याचं थोडं दुखतंय.

तरीही 96 गाठत नाहीत. दोनदा आकडेमोड केली, मग वहीत 52 च्या जागी 54 लिहिलं. पेन्सिलीनं.