उघडं तोंड

त्या दिवशी प्रयोगाच्या तासाला निकाल उलटाच लागला.

स्टीलचे पाच सारखे डबे, प्रत्येकात 80 अंशांचं 200 ग्रॅम पाणी. एक डबा उघडाबोडका. बाकीच्यांना थर्मोकोल, लोकरीचं कापड, वर्तमानपत्राच्या घड्या आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइल. 20 मिनिटांनी तापमान पाहायचं, एवढंच. हा प्रयोग मी इतकी वर्षं घेतेय की मुलं कामाला लागली आणि मी वह्या तपासत बसले.

थर्मोकोल 66, लोकर 66, पेपर 65, बोडका डबा 62. आणि फॉइल चक्क 73!

फॉइलच्या गटानं कल्ला केला. कुणीतरी फळ्यावर 'फॉइल पहिली' लिहूनही टाकलं. मला पटेना. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता स्थिर हवेच्या हजारो पट सहज वाहते. फॉइल कामी येते ती तिच्या चकाकीमुळे, प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपात, जाणारी उष्णता कमी होते म्हणून. पण आमचे डबे मुळातच चकचकीत! खरं सांगायचं तर परावर्तनाचं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेणारच होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्यांनी डब्याचं तोंडपण झाकलंय."

पाहते तर खरंच. फॉइल जास्त झाली म्हणून त्यांनी ती वरून दुमडून टाकली होती, तापमापीपुरतं भोक ठेवून. बाकीचे चारही डबे सताड उघडे.

भरलेल्या डब्यांची वजनं वहीत होती. थर्मोकोलचा डबा पुन्हा काट्यावर ठेवला. 4 ग्रॅम कमी.

"चारच?" एक जण हसला.

त्यालाच हिशेबाला उभं केलं. 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण 2300 ज्यूल उष्णता जाते. 200 ग्रॅम पाणी 1 अंशानं निवायला 840 ज्यूलच्या आसपास जावे लागतात. म्हणजे ग्रॅममागे जवळपास पावणेतीन अंश, 4 ग्रॅमचे अकरा. एकूण उतरले होते चौदा! भिंत राखायला थर्मोकोलला बसवून आम्ही दार उघडं टाकलं होतं.

पुढच्या तासाला सगळ्यांना पुठ्ठ्याची झाकणं घातली. बोडका डबा 72, फॉइल 73, पेपर 75, थर्मोकोल 76. फॉइलचा गट जरा हिरमुसला. लोकर मात्र 69, बोडक्यापेक्षाही खाली! झाकण बसवताना त्या गटानं पाणी सांडलं होतं आणि गुपचूप तसंच चालवलं होतं. लोकरीचा सगळा जोर तिच्या तंतूंत अडकलेल्या हवेवर; त्या जागी पाणी शिरलं की उष्णतेला वीसपट सोपी वाट मिळते, वर ओलं कापड बाहेरून वाळतानाही उष्णता ओढत राहतं. सांडलं नसतं तर हे दाखवायचं मला सुचलंही नसतं.

संध्याकाळी कपाटातून मागच्या वर्षांच्या नोंदवह्या काढल्या. 66, 65, 66, 64. दरवर्षी डबे उघडे, आणि दरवर्षी आकड्यांखाली माझ्याच अक्षरात शेरा: 'तापमापीतील त्रुटी'.